चित्रातल्या नळाला पाणी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे संचालकसाहेब, शाळा खात्यातून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो त्या, व्यासपीठावर ज्यांना खुर्ची मिळाली ते मान्यवर, आणि मिळाली नाही म्हणून पहिल्या रांगेत जरा फुगून बसलेले मान्यवर, सहकारी मित्रमैत्रिणींनो, दाराशी उभं राहून चहाची किटली कुठवर आली ते पाहणाऱ्या मंडळींनो, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या दोघी बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'आपले ज्येष्ठ चित्रकार' अशी करून दिली. ज्येष्ठ ठीक आहे, ते केसांवरूनच कळतं. पण चित्रकार म्हणवून घ्यायला माझी जीभ धजत नाही. या आरोग्य शिक्षण विभागात मी उभा जन्म साबण लावलेले हात, केळी खाणारी मुलं आणि झाकण ठेवलेली भांडी काढण्यात घालवला. मी जेवढे साबण काढलेत तेवढे एखाद्या कारखान्यानंही काढले नसतील. ऑफिसात मला 'पेंटर' म्हणतात. तेच बरं आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरायची नाहीत हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून चिठ्ठ्या पाठवायचे कष्ट वाचतील. खरं तर बोलणं हे बाईंचं काम. आमच्या प्रत्येक फिल्मची गोष्ट बाईंनी लिहिली आणि आवाजही बाईंनीच दिला. शाळाशाळांतली मुलं त्यांना 'आवाजबाई' म्हणत. रस्त्यात भाजी घेताना बाईंनी भाव विचारला की शेजारचं पोरगं चमकून वर बघायचं आणि आपले हात पाठीमागे लपवायचं, कारण ते धुतलेले नसायचे. असा दरारा. आमच्या साहेबांना कधी लाभला नाही, साहेबांनी राग मानू नये.

माझ्या मागे टेबलावर कापडानं झाकलेली एक फ्रेम आहे. ती बाईंना विभागाकडून भेट आहे. निरोपाला काय हवं, असं विभागानं बाईंना विचारलं होतं. घड्याळ सुचवून झालं, प्रवासाची बॅग सुचवून झाली. बाई म्हणाल्या की मला पेंटरकडून एक चित्र हवं, कुठलं ते मी त्याला सांगेन. ते चित्र कुठलं आणि तेच का, एवढंच मला आज सांगायचं आहे. ते सांगून झालं की साहेबांनी कापड ओढायचं आणि मी खाली बसायचं.

आता नव्या मंडळींसाठी थोडं. आमच्या कामाचा विषय काय, तर लहान मुलांची खुंटणारी वाढ. मूल पोटात असल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला पोषण नीट मिळालं नाही, सारखं आजारपण आलं, तर त्याची उंची खुंटते. नुसती उंचीच नाही, आत डोक्यातलंही बरंच काही खुंटतं. आणि तो काळ एकदा हातचा गेला की मग पुढे कितीही तूप-लोणी चारा, गेलेलं सगळं भरून येत नाही. मग हे कुणाला शिकवायचं? आयांना शिकवेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ठरलं की आठवी-नववीच्या मुलामुलींना शिकवायचं. उद्याचे आईबाप तेच, आणि आज घरात धाकटी भावंडं सांभाळणारेही तेच. व्याख्यान दिलं की ही मुलं खिडकीबाहेर बघतात. फिल्म दाखवली की पडद्याकडे बघतात. विचार चांगला होता, अजूनही चांगला आहे. मी त्याची टिंगल करणार नाही.

फिल्म आमच्या त्या मागच्या खोलीत तयार व्हायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, कारण तो कुरकुरायचा. बाई घामाघूम होऊन माइकसमोर बसायच्या आणि तोंडातून असा गार, मायेचा आवाज काढायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई झाडाखाली बसून बोलते आहे. मध्येच बाहेर लिफ्ट धडधडली की सगळं पुन्हा. एकदा 'बाळाला सहा महिने पूर्ण झाले की' हे एकच वाक्य इतक्या वेळा पुन्हा घ्यावं लागलं की बाई म्हणाल्या, पेंटर, आता या बाळाला सहा महिने पूर्ण होऊन ते शाळेतसुद्धा जायला लागलं असेल.

तर ती फिल्म. एक शाळकरी मुलगी, तिचं तान्हं भावंड, एक स्वयंपाकघर. मुलगी शाळेत शिकते आणि घरी येऊन आईला सांगते, एवढीच गोष्ट. मी पहिली चित्रं काढली तेव्हा भिंतीचे पोपडे काढले, कोपऱ्यात बादली आणि मग काढला, मुलीच्या कपाळाला जराशी आठी काढली. कारण घरं अशी असतात आणि लहान वयात घर सांभाळणाऱ्या मुलीही अशाच असतात. मग ती चित्रं सल्लागार समितीपुढे गेली. समितीत सगळी भली माणसं होती. त्यांनी चहा घेतला आणि एकेक सूचना केली. मुलगी गंभीर का, हसती करा. भिंत रंगवा. खिडकीत कुंडी ठेवा. आणि बादली-मग मागासलेले दिसतात, तिथे नळ दाखवा, चांगली जाड धार दाखवा, हात धुण्याचा संदेश ठसठशीत पोहोचला पाहिजे. साहेब, समितीचे अध्यक्ष तुम्हीच होता. तुम्हाला आठवत असेल. नसेल तर राहू द्या.

मी बाहेर येऊन चिडलो. मला चिडायला फार लागत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी मला खाली बसवलं आणि समजावलं की एका नळावरून भांडत बसलो तर वर्ष जाईल, आणि त्या वर्षात जन्मलेल्या पोरांना काय सांगायचं, की पेंटरची बादली अडली होती म्हणून? मी नळ काढला. धार निळी केली. खाली तीन थेंब उडवले, तेही समितीला फार आवडले.

पहिला खेळ झाला तो गावाबाहेरच्या वस्तीतल्या शाळेत. आमची पद्धत अशी, की फिल्मच्या आधी एक प्रश्नपत्रिका द्यायची आणि नंतर तीच पुन्हा द्यायची. मघाशी साहेबांनी जे आकडे सांगितले ते तिथून येतात. आधी दहातल्या तिघांना उत्तरं येत होती, नंतर नऊ जणांना. आकडे अगदी खरे आहेत. पेपर मी स्वतः गोळा केलेत.

त्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी होती. पहिल्या बाकावर हुशारीमुळे नव्हे, मागून तिला फळा दिसायचा नाही म्हणून. आठवीत होती आणि पाचवीतली वाटायची. वर्गातली पोरं तिला 'लवंगी' म्हणायची. लहान, पण जिभेवर ठेवली तर डोळ्यांत पाणी आणील अशी. फिल्म संपली, टाळ्या झाल्या आणि ही उभी राहिली. उभी राहिली ते आधी कुणाला कळलंच नाही. तिनं विचारलं, "बाई, मग आमचं काय?"

शिक्षक म्हणाले, खाली बस. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? फिल्म तर सांगत होती की दोन वर्षांनंतर दार लागतं. समोर तेरा वर्षांची पोर उभी, दाराच्या बाहेर राहिलेली. एखाद्यानं गोड बोलून वेळ मारून नेली असती. बाई तिच्या बाकापाशी गेल्या आणि माइकशिवाय म्हणाल्या, "तुझं जे राहिलं ते राहिलं गं. मी खोटं नाही सांगणार. घरी कुणी लहान आहे?"

तिच्या आईला दिवस गेले होते. पावसाळा संपता संपता बाळ येणार होतं.

बाई म्हणाल्या, "मग ते बाळ तुझ्यापेक्षा उंच होईल. माझा शब्द आहे."

मी वायरी गुंडाळत उभा होतो. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे, की सल्ला द्यावा, शब्द देऊ नये. बाईंसारखी कसलेली बाई, आणि त्या दिवशी शब्द देऊन बसली. परतीच्या वाटेवर मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, पेंटर, त्या पोरीला काहीतरी हातात द्यायला नको का.

मुलांना शिकवलेलं किती लक्षात राहतं ते पाहायला आम्ही त्याच शाळेत सहामाहीला पुन्हा जात असू. त्यामुळे लवंगीची भेट व्हायची. ती मधल्या सुट्टीत बाईंना गाठून सगळा अहवाल द्यायची, आमच्या विभागातल्या कुणी आजवर दिला नसेल इतका नीट. बहीण झाली. आजी पहिलं दूध काढून टाकणार होती, तर ही आडवी आली. आजीनं थोबाडीत दिली. हिनं खाल्ली, पण दूध बाळाच्या पोटात गेलं. मग सहा महिने वरचं पाणीसुद्धा पाजू दिलं नाही. मग कालवलेला घास घट्ट हवा, पातळ चालत नाही, यावरून आईशी रोजची कटकट. शेजारणी आईला म्हणायच्या, तुझी ही पोर आहे की सासू?

शाळेत मुलांना उकडलेलं अंडं मिळायचं. लवंगी ते डब्यात घालून घरी न्यायची आणि कुस्करून बहिणीला भरवायची. बाईंना हे कळलं तेव्हा बाई तिच्यावर रागावल्या. अगं, वाढत्या वयातल्या मुलीनं स्वतःही खाल्लं पाहिजे, फिल्ममध्ये आम्ही तेही सांगितलंय. तिनं शांतपणे उत्तर दिलं की माझं तर राहिलंच आहे ना, तुम्हीच म्हणालात.

बरं, मग इतकं करून बाळाचं काय झालं? बाळ खायचं. चांगलं खायचं. पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. दर थोड्या दिवसांनी पोट बिघडायचं, चार दिवस जुलाब, मग दोन आठवडे तोंडाला चव नाही, मग जरा सावरतंय तोवर पुन्हा. दवाखान्यातून पुड्या आणायच्या, त्या पाण्यात कालवायच्या. आणि पाणी कुठलं? त्यांच्या गल्लीच्या टोकाला नळ होता. पाइप टाकला होता, तोटी बसवली होती, उद्घाटनाचा फोटोही निघाला होता. फक्त पाणी आलं नव्हतं. टँकर यायचा तेव्हा रांग, नाही आला तर धुण्याच्या जागेजवळच्या खड्ड्यातलं. लवंगी ते उकळायची. पण सरपण पुरवून पुरवून किती पुरणार? आणि हात धुवायचे कशानं, भांडी कशानं, रांगणाऱ्या बाळाची जमीन कशानं? पिण्यालाच जिथे मोजून, तिथे धुण्याला कोण देणार?

(हो, मिळाली चिठ्ठी. 'आवरते घ्यावे.' घेतो. चहा आला असेल तर मागच्यांनी खुशाल सुरू करावा, माझी काही हरकत नाही.)

बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाला बाईंनी रजा टाकली. ऑफिसातली उंची मोजायची लाकडी फळी काढली आणि ती उचलायला मला बरोबर घेतलं. जाताना बाई वाटेत एकसारख्या बोलत होत्या. नवा फ्रॉक घेतला होता, तो पिशवीतून काढून मला दोनदा दाखवला. मी समजून चुकलो की बाई घाबरल्या आहेत.

एक खोलीचं घर. दाराच्या चौकटीवर लवंगीनं आमच्याच पोस्टरमधली रंगीत पट्टी कापून चिकटवली होती. दोन वर्षांच्या मुलीचं डोकं जिथवर पोचायला हवं तिथे पेनानं जाड रेघ. मला फळी उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. धाकटीला चौकटीशी उभी केली. नवा फ्रॉक घालून, दोन्ही टाचा टेकवून, आज्ञाधारकपणे उभी राहिली ती. डोकं रेघेच्या चार बोटं खाली. बाईंनी तिला पुन्हा उभं केलं, केस दाबून, केस वर करून. तरी चार बोटं खालीच. आजी म्हणाली, त्यात काय एवढं, आमच्या घरात सगळे असेच ठेंगणे. पोर हसरी आहे, खेळती आहे, अजून काय पाहिजे?

लवंगी रडली नाही. चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसांशी बोलता येतं. ती बाईंना एवढंच म्हणाली, "तुमच्या फिल्ममधल्या घरात नळाला पाणी होतं."

सभ्य स्त्री-पुरुषहो, मी चित्रं काढून पोट भरलं. चित्राबद्दल इतकं खरं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. त्या मुलीनं प्रश्नपत्रिकेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. फिल्ममधलं एकूण एक तिनं केलं होतं. जे तिच्या हातात होतं ते तिनं केलं, आणि जे हातात नव्हतं ते आम्ही निळ्या रंगानं भरून टाकलं होतं.

आम्ही परत निघालो. फळी माझ्या खांद्यावर होती आणि तिचा उपयोगच झाला नव्हता, तरी ती जाताना वाटली त्याहून जड वाटली. दुसऱ्या दिवशी बाई गाद्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. पंखाही लावला नाही. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या की माझा शब्द गेला, पेंटर. मी नेहमीचं बोललो, की तुम्ही काय करणार, नळ काय तुमच्या हातात आहे? तर म्हणाल्या, नळ नाही, पण चित्र तर होतं.

त्यानंतर बाईंनी नवी गोष्ट लिहिली. तीच मुलगी, तेच स्वयंपाकघर. मुलगी हात धुवायला नळ उघडते आणि नळ कोरडा. मग ती पातेलं घेऊन बाहेर पडते आणि गल्लीत, शाळेत, कचेरीत एकच विचारत जाते, की आमच्या नळाला पाणी का नाही? माझी धाकटी बहीण अजून दोन वर्षांची झालेली नाही, तेवढ्यात येईल का? पाच मिनिटांची गोष्ट. शेवटी उत्तर मिळत नाही. फिल्म तिथेच संपते आणि वर्गातल्या मुलांनी ठरवायचं की आता कुणाला विचारायचं.

समितीनं ती वाचली. भली माणसं, पुन्हा सांगतो. निराशाजनक आहे, म्हणाले. किशोरवयीन मुलांना आशा दिली पाहिजे. आणि पाण्याचा विषय आपल्या विभागाकडे येत नाही. बाईंनी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वेळी परत यायची आणि कडेला एकच सूचना असायची, शेवटी नळाला पाणी येते असे दाखवावे. मीसुद्धा एकदा म्हणालो, बाई, द्या की दाखवून, निदान फिल्म तरी होईल. पूर्वी तुम्हीच मला नाही का समजावलंत? तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटी पाणी आलं असं दाखवलं, तर मुलं टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन नळ उघडतील."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता पुढच्या महिन्यापासून आमचं हे छोटं युनिटच बंद होतंय. गाद्या निघाल्या, त्या खोलीत म्हणे खोकी ठेवणार. जुनी फिल्म मात्र चालू राहणार आहे. ती आता फोनवर मिळेल, म्हणजे कुठल्याही वस्तीत, कुठल्याही गल्लीत पाहता येईल. मघाशी साहेबांनी हे आनंदानं सांगितलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. मी बघत होतो.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या दोघी कोण ते आता तुम्ही ओळखलं असेल. मोठी आता शिवणाच्या कारखान्यात बाह्या जोडते. लग्न ठरलंय तिचं. अभिनंदन करायला हवं, करतोही, पण जिथे ती जाणार आहे त्या घराचीही मी चौकशी केली, आणि तिथला नळ कसा आहे ते मला विचारू नका. धाकटी पहिलीत आहे. गोड मुलगी आहे, सगळ्यांना नावं ठेवते, मला आल्या आल्या विचारलं की तुमचे केस पिंजलेल्या कापसासारखे का. ती पण वर्गात पहिल्या बाकावर बसते. बाईंची अट होती की त्या दोघी समोर दिसायला हव्यात, तरच मी सत्काराला येईन.

आणि दुसरी अट हे चित्र. 'पेंटर, ते स्वयंपाकघर पुन्हा काढ, जसं तू पहिल्यांदा काढलं होतंस तसं. पोपडे असू दे. पोरगी हसती नको. फक्त बादलीच्या जागी नळ राहू दे, पण कोरडा काढ. फिल्म नाही झाली, निदान चार माणसांसमोर, समितीसमोर, ते एकदा उघडं तरी होऊ दे.' इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी ते वहीएवढ्या कागदावर काढलं, जीव ओतून काढलं. भेट म्हणून लहान दिसेल, असं ऑफिसचं म्हणणं पडलं, म्हणून मोठं करून छापून आणायचं ठरलं. फ्रेम थेट इथेच आली. मीही अजून पाहिलेली नाही.

तेव्हा साहेब, या. तुमच्याच हातानं होऊ द्या. बाई, तुम्हीही या पुढे, अशा इकडे उभ्या राहा. ओढा साहेब.

आभारी आहे. बसा, बसा. टाळ्या पुरे.

जरा थांबा.

टाळ्या पुरे म्हणतोय मी.

हे चित्र मी काढलंय. म्हणजे स्वयंपाकघर माझं, मुलगी माझी, पातेलं माझं. पण माझी मुलगी हसत नव्हती. आणि भिंतीला पोपडे होते. ते कुठे गेले? आणि हे... नळातून ही धार मी काढलेली नाही. मी नळ कोरडा काढला होता.

काय म्हणता सूत्रसंचालक? मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या. नाही? मग मीच सांगतो. हे म्हणतायत की छापखान्यातून ऑफिसात फोन आला होता. चित्रात नळ आहे पण पाणी काढायचं राहून गेलंय, असं त्यांच्या लक्षात आलं. आणि इथून सांगितलं गेलं की निरोपाचं चित्र आहे, पूर्ण करून टाका आणि जरा प्रसन्न करा.

नाही, साहेब, तुम्ही उठू नका. मी कुणावर चिडत नाहीये. आज पहिल्यांदाच चिडत नाहीये. कुणी वाईट बुद्धीनं केलेलं नाही हे. बाईंना छान वाटावं म्हणून केलं. ती फिल्मही तशीच झाली होती.

कुणाकडे मार्कर आहे का? द्या. काळाच हवा. ही धार निदान... नाही. काचेवर शाई धरत नाहीये. बोट लागलं की पुसली जाते. राहू दे.

बाई म्हणतायत, राहू दे, पेंटर. त्या हसतायत. त्यांचं हे हसू मला ओळखू येतं, माइक बंद झाल्यावरचं आहे.

आणि तिसऱ्या रांगेत धाकटी अजून टाळ्या वाजवतेय. सगळे थांबले तरी ती थांबली नाही. खुर्चीवर उभी राहिली आहे, म्हणून मला इथून दिसतेय. तिला चित्र आवडलं. ती ताईला बोटानं दाखवतेय, बघ, पाणी. मोठी तिचा हात धरून तिला खाली बसवतेय.

मला वाटतं मी इथे थांबावं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, प्रमुख पाहुण्यांनी ऐकून घेतलं, चहावाल्यांनी किटली धरून ठेवली, सर्वांचा आभारी आहे. बाई, तुम्ही गेल्यावर कुणाच्या आवाजासाठी चित्रं काढायची हा प्रश्न माझ्यापुढे नाही, कारण चित्रंच राहिली नाहीत. तब्येतीला जपा. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. चित्रात जे झालंय ते मात्र पदरात घेऊ नका.

नमस्कार.